सरकारी काम घरून : कोणी करावे, कोणी करू नये

दिल्लीच्या हवेत दर हिवाळ्यात धूर दाटू लागला की सरकारी कर्मचाऱ्यांनी घरून काम करावे का, हा विषय पुन्हा चर्चेला येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये हवा फारच बिघडली तेव्हा दिल्ली सरकारने आपल्या निम्म्या कर्मचाऱ्यांना घरी बसून काम करण्यास सांगितले होते. त्याआधी कोविडच्या साथीत देशभरातल्या कार्यालयांनी हेच केले. साथ ओसरली तसे केंद्र सरकारने ७ फेब्रुवारी २०२२ पासून सर्वांना पूर्ण हजेरी लावण्याचे आदेश काढले आणि विषय मिटला. म्हणजे घरून काम ही आपल्या प्रशासनाच्या लेखी छत्रीसारखी वस्तू आहे. पाऊस आला की शोधायची, थांबला की दाराआड ठेवून विसरायची. कामाची एक रीत म्हणून तिचा शांतपणे विचार करावा, तिच्यातून काय मिळाले आणि काय हरवले याचा हिशोब मांडावा, असे फारसे कोणाला वाटलेले नाही.

घरून कामाचे फायदे-तोटे म्हणून जी यादी नेहमी दिली जाते ती आता सर्वांना पाठ आहे. प्रवासाचा वेळ वाचतो, पेट्रोल वाचते, कचेरीची जागा व वीज वाचते. उलट माणसे एकलकोंडी होतात, घर आणि काम यांची सरमिसळ होते, वीज गेली किंवा इंटरनेट तुटले की सारेच थांबते. हे सगळे खरे आहे. संगणक उद्योगाने यावर आपापली उत्तरे शोधली आणि सरकारनेही त्यांच्यासाठी नियम सैल केले. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या सेवांवरची बरीच जुनी बंधने काढली. २०२२ साली विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांत घरून कामाची तरतूद आली. गंमत अशी की दुसऱ्यांना घरून काम करण्याची मुभा देणारे हे नियम ज्या टेबलांवर लिहिले गेले, त्या टेबलांना स्वतःला मात्र अशी कायमची मुभा नाही.

पण सरकारी कामात एक तिसरा माणूस असतो आणि तो या यादीत कुठेच नसतो. कंपनीत मालक व नोकर या दोघांचे जमले की प्रश्न बहुतेक सुटतो. सरकारी कार्यालयाच्या दाराबाहेर मात्र हातात अर्ज घेऊन कोणीतरी उभे असते. त्याची पेन्शन अडलेली असते, जमिनीचा फेरफार अडलेला असतो, नाहीतर मुलाचा जातीचा दाखला. तेव्हा सरकारी नोकराला घरी बसून किती सुख लाभते हा प्रश्न माझ्या दृष्टीने दुसरा. कोणते काम घरी नेले तर त्या दाराबाहेरच्या माणसाचे नुकसान होत नाही आणि कोणते नेले तर होते, हा पहिला.

सरकारी काम घरून होणे ही नवी गोष्ट नाही. माझी नोकरीची पहिली वर्षे उत्तरेकडील एका राज्यात गेली आणि नंतरची बरीचशी दिल्लीत. त्या काळात मी सरकारी काम चालते अशी तीन प्रकारची घरे पाहिली. संगणक येण्यापूर्वीची ही घरे आजच्या प्रश्नाबद्दल बरेच काही सांगून जातात.

पहिले घर पटवाऱ्याचे. उत्तरेत पटवारी, नंतर लेखपाल; आंध्रात कर्णम, कर्नाटकात शानभोग, आपल्याकडे कुलकर्णी आणि पुढे तलाठी. नावे वेगळी असली तरी व्यवस्था एकच होती. गावाच्या जमिनीचे कागद या माणसाच्या घरी, कापडात बांधून, फडताळात ठेवलेले असत. मराठीत आपण कागदांच्या त्या गठ्ठ्याला दप्तर म्हणतो आणि हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ कार्यालय असा होतो. पटवाऱ्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच खोलीत नांदत होते. उतारा हवा असेल तर शेतकऱ्याने त्याच्या घरी जायचे, ओट्यावर बसायचे. तो जेवत असेल, शेतावर गेला असेल, मुलीच्या सासरी गेला असेल. परत जायचे आणि पुन्हा यायचे. कागदावर काय लिहिले आहे हे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक नाही आणि त्याने त्यात उद्या काय लिहिले तेही कळायचे नाही. मुंबई राज्याने १९५० साली कायदा करून कुलकर्णी वतने रद्द केली. उत्तर प्रदेशात १९५३ साली हजारो पटवाऱ्यांनी एकदम राजीनामे दिले तेव्हा महसूलमंत्री चरणसिंग यांनी ते स्वीकारले व लेखपाल हे नवे पद आणले. पद बदलले, वारसा संपला, पण कागद बहुतेक ठिकाणी घरातच राहिले, कारण बसायला कचेरी नव्हती.

त्या घरातून कागद खऱ्या अर्थाने बाहेर निघाले ते संगणकामुळे. कर्नाटकात २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत 'भूमी' प्रकल्पाखाली ६७ लाख खातेदारांचे सुमारे २ कोटी उतारे संगणकावर चढवले गेले. तोवर ते सुमारे ९ हजार ग्राम लेखापालांच्या ताब्यात होते. तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपये भरून छापील उतारा मिळू लागला आणि हाताने लिहिलेला उतारा बाद ठरवण्यात आला. पुढे बहुतेक राज्यांनी याच वाटेने जाण्याचा प्रयत्न केला. आपल्या देशात गेल्या पाव शतकात झालेली एक मोठी प्रशासकीय सुधारणा म्हणजे सरकारी काम एका घरातून काढून खिडकीवर आणणे ही होती, हे घरून कामाचा उत्साहाने पुरस्कार करणाऱ्यांनी विसरू नये.

दुसरे घर साहेबांचे. जिल्हाधिकाऱ्याच्या बंगल्यावर एक खोली किंवा बाहेरची बराक 'कॅम्प ऑफिस' म्हणून राखलेली असते. हा शब्द दौऱ्यावरच्या तंबूतून आला. तंबू गेला, शब्द बंगल्यात राहिला. सकाळी शिपाई फायलींचे गाठोडे बांधून बंगल्यावर नेतो, संध्याकाळी परत आणतो. हे फार सोयीचे असते, नाकारण्यात अर्थ नाही. मुख्य कचेरीत दर दहा मिनिटांना कोणी आत डोकावते, फोन वाजतो, मंत्र्यांचा दौरा असतो. अवघड अपिलाचा निकाल लिहायचा तर तो पहाटे बंगल्यावरच लिहिता येतो. पण ही सोय हळूहळू सवय होते. एका जिल्ह्यात मी असे पाहिले की कचेरीचा मोठा दरवाजा बारा वाजेपर्यंत उघडाच, आत सारे कारकून हजर, बाहेर बाकांवर पन्नासभर माणसे, आणि साहेब बंगल्यावर. ज्याची ओळख आहे तो बंगल्यावर जाऊन भेटून येतो, ज्याची नाही तो बाकावर बसून राहतो. बंगल्याच्या फाटकावर पहारा असतो आणि पहारेकऱ्याला माणसे पारखता येतात. कोणत्या धोतराला आत सोडायचे आणि कोणत्या सफारीला सलाम ठोकायचा हे त्याला शिकवावे लागत नाही.

तिसरे घर मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. देशात सुमारे १ लाख ६५ हजार डाकघरे आहेत, त्यांपैकी दहात नऊ ग्रामीण भागात, आणि त्यांतली बहुतेक शाखा डाकघरे आहेत. ती चालवणारा ग्रामीण डाक सेवक हा पूर्णवेळ सरकारी नोकर नसतो, दिवसाचे चार-पाच तास काम करतो आणि डाकघरासाठी जागा त्यानेच द्यायची असते. त्यामुळे बऱ्याच गावांत डाकघर म्हणजे शाखा डाकपालाच्या घराची पुढची खोली. एक टेबल, एक लोखंडी पेटी, तारखेचा शिक्का, भिंतीवर वेळेची पाटी, आतल्या खोलीतून फोडणीचा वास. जगाला घरून कामाचा शोध २०२० साली लागला असे म्हणतात तेव्हा मला या खोल्या आठवतात. डाक खात्याने शंभराहून अधिक वर्षे अशा खोल्यांतून मनीऑर्डरी पोचवल्या, बचत खाती चालवली, आणि आता तिथेच हातातल्या यंत्रावर नोंदी होतात.

मग पटवाऱ्याच्या घरात जे बिघडले ते डाकपालाच्या घरात तितकेसे का बिघडले नाही? माणसे तर त्याच गावची. डाकपाल स्वभावाने अधिक सात्त्विक असतात असे मानायला काही आधार नाही, आणि अपहाराची प्रकरणे त्या खात्यातही होतात. फरक रचनेत आहे. डाकघरात पैसे भरले की पासबुकात नोंद होऊन शिक्का बसतो आणि ते पासबुक खातेदाराच्या हाती परत येते. दिवसाचा हिशोब त्याच दिवशी वरच्या डाकघराकडे जातो. उघडण्याची वेळ पाटीवर असते, ती गावाला पाठ असते, आणि निरीक्षक कधीही येऊन पेटीतली रोकड मोजू शकतो. म्हणजे कामाचा पुरावा काम करणाऱ्याच्या घरात अडकून पडत नाही. एक प्रत लोकांकडे, एक वर. पटवाऱ्याकडे यांतले काहीच नव्हते. शेतकऱ्याच्या हाती पावती नाही, वर रोजचा हिशोब नाही, दारावर वेळ नाही.

मला वाटते, सरकारी काम घरून करू द्यावे की नाही याची कसोटी इथे आहे. ज्या कामाची पावती नागरिकाच्या हाती पडते आणि ज्याची नोंद त्याच दिवशी दुसरीकडे उमटते ते काम कोठेही बसून करू द्यावे. ज्या कामात माणसाला समोर बसवून ऐकणे हेच मुख्य आहे ते घरी नेऊ देऊ नये. ही कसोटी लावली की निष्कर्ष आपल्या रूढ समजुतीच्या उलट निघतो. घरून काम करण्याची खरी योग्यता खालच्या टेबलाची आहे, वरच्या खुर्चीची नाही. सहायक, कारकून, मसुदा लिहिणारा, हिशोब तपासणारा यांना घरी बसू द्यावे. सचिव, जिल्हाधिकारी, तहसीलदार यांनी मात्र कचेरीत दिसावे. आणि आपल्याकडे ही सवलत पिढ्यान्पिढ्या नेमकी वरच्या खुर्चीकडे राहिली आहे.

साथीच्या काळात योगायोगाने का होईना सरकारने योग्य क्रम लावला होता. एप्रिल २०२० च्या आदेशात केंद्रातील उपसचिव व त्यावरील सर्व अधिकाऱ्यांनी कार्यालयात यावे आणि खालच्यांपैकी ३३ टक्क्यांपर्यंतच यावेत असे म्हटले होते. मे महिन्यात हे प्रमाण ५० टक्के झाले. त्याच मे महिन्यात कार्मिक व प्रशासकीय सुधारणा खात्याने एक मसुदा सर्व मंत्रालयांकडे मतांसाठी पाठवला. त्यात म्हटले होते की सुमारे ७५ मंत्रालये व विभाग ई-ऑफिसवर काम करीत असून त्यांपैकी ५७ जणांचे ८० टक्क्यांहून अधिक काम त्यावर होते. साथ संपल्यावरही धोरण म्हणून वर्षातून १५ दिवस घरून कामाचा पर्याय देता येईल. घरून काम करणाऱ्यांना लॅपटॉप द्यावेत, इंटरनेटचा खर्च भरून द्यावा, गोपनीय कागद मात्र घरी हाताळू नयेत. मसुदा बरा होता. पुढे त्याचे धोरण झाले नाही.

त्यातली १५ दिवसांची कल्पना मला तेव्हाही पटली नव्हती. वर्षाला १५ दिवस म्हणजे कामाची रीत होत नाही, ती एक नव्या नावाची किरकोळ रजा होते. ती सर्वांना सारखी वाटली की जिला खरोखर गरज आहे आणि जिचे काम घरून होऊ शकते तिला १५ दिवस पुरत नाहीत, आणि ज्याचे काम घरून होऊच शकत नाही तो ते १५ दिवस लग्नसराईत वापरतो.

आणि साधनांचे काय? अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने २०२३ साली सरकारी लॅपटॉप-टॅब्लेटचे नियम सुधारले. एक लाख रुपयांपर्यंतचे यंत्र मिळण्यास उपसचिव व त्यावरील सर्व अधिकारी पात्र. अवर सचिव व कक्ष अधिकारी यांच्या बाबतीत मंजूर पदांच्या निम्म्यांपर्यंतच. त्याखालच्या सहायकाचा त्यात हिशोबच नाही. म्हणजे २०२० साली ज्याला घरी बसवले त्याच्याकडे यंत्र नव्हते आणि ज्याच्याकडे यंत्र होते त्याला कचेरीत बोलावले होते. दिल्लीतला सहायक सोनिपत, मेरठ, पलवलहून रोज लोकलने येतो, जाण्यायेण्यात त्याचे चार तास जातात. घर दोन खोल्यांचे, त्यात तेव्हा मुलांची शाळाही मोबाईलवर. अशा घरातून त्याने स्वतःच्या पैशाच्या मोबाईलवर टिपण्या लिहिल्या. आमच्या विभागात काहींनी त्या हाताने लिहून, फोटो काढून पाठवल्या आणि कचेरीत आलेल्या कोणीतरी त्या टंकलिखित केल्या. काम थांबले नाही, हे खरे तर नवल. त्याची कोठे नोंद मात्र झाली नाही.

खालच्या टेबलाला घर दिल्याने जे हरवते त्याविषयीही बोलले पाहिजे, आणि ते थोडे नाही. सचिवालयात नवा सहायक काम शिकतो ते कार्यपद्धतीच्या पुस्तिकेतून कमी आणि शेजारच्या टेबलावरून अधिक. जुना कक्ष अधिकारी फाईल उघडून म्हणतो, "ही बाब १९९८ मध्येही आली होती, ती फाईल काढ बघू." ही स्मृती ई-ऑफिसच्या शोधाच्या चौकटीत नसते, कारण काय शोधायचे हेच नवख्याला ठाऊक नसते. २०२०-२१ मध्ये रुजू झालेल्या मुलामुलींच्या टिपण्या मी वाचत होतो. भाषा नेटकी, परिच्छेद क्रमवार, आणि पूर्वपीठिका पार कोरी. म्हणून नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत घरून काम देऊ नये असे माझे ठाम मत आहे. नवख्याला ते अन्यायाचे वाटेल, तरीही.

स्त्री कर्मचाऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. सप्टेंबर २००८ पासून केंद्रात बालसंगोपन रजा मिळू लागली, संपूर्ण सेवेत ७३० दिवस. ती मोठी सुधारणा होती व आहे. परंतु रजा म्हणजे कामापासून तुटणे. लांब रजेवरून परतलेल्या बाईला टेबल बदलून मिळते, महत्त्वाची फाईल दुसऱ्याकडे गेलेली असते, आणि "तिला काय, ती रजेवरच असते" हे वाक्य गोपनीय अहवालात न लिहिताही लिहिले जाते. रजेऐवजी आठवड्यातून तीन दिवस घरून काम हा पर्याय तिच्यापुढे असेल तर पुष्कळ जणी तो घेतील, आणि टेबल त्यांचेच राहील. खाजगी आस्थापनांसाठी २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत प्रसूतीच्या रजेनंतर कामाचे स्वरूप पाहून परस्परसंमतीने घरून कामाची तरतूद झाली होती. सरकारने इतरांना सांगितलेली गोष्ट स्वतःच्या घरी करायला हरकत काय? मात्र याची दुसरी बाजू मला एका सहकारी बाईंनी ऐकवली ती सांगितलीच पाहिजे. त्या म्हणाल्या, "सर, ऑफिसात मी आठ तास बसते तेव्हा मला चहा आणून देतात. घरी बसले की मीच सगळ्यांना चहा देते आणि शिवाय फाईलही करते. सासूबाईंच्या मते मी सुट्टीवर आहे." म्हणून हा पर्यायच असावा, सक्ती नव्हे, आणि घरी बसणारीला रात्री अकराला व्हॉट्सॲपवर टिपणी मागू नये हेही त्याच आदेशात लिहावे. पुरुषांसाठीही लिहावे. घरून कामाच्या काळात आमच्या वरिष्ठांनी जर कोणती एक सवय मनापासून उचलली असेल तर ती हीच होती, आणि ती अजून गेलेली नाही.

घरी बसले की लोक काम करणार नाहीत, हा आक्षेप सर्वांत मोठ्याने घेतला जातो. २०१४ पासून दिल्लीतील केंद्रीय कार्यालयांत आधारवर चालणारी हजेरीची यंत्रे बसली. माणूस किती वाजता आला आणि किती वाजता गेला हे त्यात कळते. मधल्या वेळात त्याने काय केले हे कळत नाही. ते पूर्वी हजेरीपटावरही कळत नसे. उलट ई-ऑफिसमध्ये कोणती फाईल कोणाकडे कधी आली आणि कधी पुढे गेली याची नोंद आपोआप राहते. म्हणजे घरी बसलेल्या सहायकाचे काम मोजण्याचे साधन आपल्याकडे आहे. आपण ते वापरत नाही, कारण तेच साधन वरच्या खुर्चीवर फाईल किती दिवस पडून होती तेही दाखवते. अर्थात मोजमापाचेही फाजील कौतुक नको. केंद्राच्या तक्रार निवारण व्यवस्थेत तक्रार निकाली काढण्याची मुदत २०२४ साली ३० दिवसांवरून २१ दिवसांवर आणली गेली. हे काम घरून करण्याजोगे आहे, तक्रारदाराकडे नोंदणी क्रमांक असतो, मुदत ठरलेली आहे. परंतु "संबंधित विभागाकडे पाठविले" एवढे लिहून तक्रार बंद करणारा माणूस कचेरीत बसला काय किंवा घरी, आकडे चांगलेच येणार. तिथे वरिष्ठाने आठवड्यातून दहा तक्रारी स्वतः काढून वाचणे, दोघा-तिघा तक्रारदारांना फोन करणे याला पर्याय नाही. डाक निरीक्षक पेटी उघडून रोकड मोजतो, तसे.

आता वरच्या खुर्चीकडे. तिने कचेरीत दिसलेच पाहिजे असे मी का म्हणतो? सुनावण्या पडद्यावर होऊ शकतात हे मला मान्य आहे. केंद्रीय माहिती आयोगाच्या सुनावण्या साथीच्या पुष्कळ आधीपासून दूरदूरच्या जिल्ह्यांतून व्हिडिओवर होत आल्या, त्यात अर्जदाराचा प्रवास वाचला आणि ते चांगलेच झाले. प्राप्तिकराच्या तपासणीत करदाता व अधिकारी यांनी एकमेकांचे तोंडही पाहू नये अशी व्यवस्था आली, तिच्यामागे कारणे होती. पण त्या साऱ्या प्रकरणांत अर्ज आधीच लिहून झालेला असतो, प्रश्न ठरलेला असतो. जिल्ह्याच्या कचेरीत येणाऱ्या माणसाचे तसे नसते. त्याला पुष्कळदा आपली अडचण कोणत्या खात्याची तेच माहीत नसते. रेशनकार्डासाठी म्हणून आलेल्या म्हातारीचे बोलणे पाच मिनिटे ऐकले की कळते, खरी गोष्ट अशी आहे की मुलाने घर लिहून घेतले आणि तिला बाहेर काढले. यासाठी ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, तिला त्याचे नावही ठाऊक नाही. ती कोणत्या पोर्टलवर कोणता पर्याय दाबणार?

याच संदर्भात जम्मू-काश्मीरच्या दरबाराचे उदाहरण मला बोलके वाटते. महाराजा रणबीरसिंगांनी १८७२ साली सुरू केलेल्या प्रथेनुसार तिथले सचिवालय उन्हाळ्यात श्रीनगरला आणि हिवाळ्यात जम्मूला हलत असे. वर्षातून दोनदा ट्रक भरभरून फायली आणि सुमारे दहा हजार माणसे घाटाचा रस्ता चढत-उतरत. २०२१ साली सर्व फायली ई-ऑफिसवर चढल्या, आता हलण्याचे कारण उरले नाही, वर्षाला २०० कोटी रुपये वाचतील, असे सांगून ही प्रथा बंद केली गेली. फायलींच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होते. पण जम्मूचे व्यापारी पहिल्याच हिवाळ्यापासून कुरकुरू लागले आणि ती कुरकुर केवळ धंद्याची नव्हती. सहा महिने सरकार आपल्या शहरात असते, आपण जाऊन भेटू शकतो, ही भावना गेली होती. अखेर निवडून आलेल्या सरकारने २०२५ च्या हिवाळ्यात दरबार पुन्हा जम्मूला आणला. खर्चाच्या दृष्टीने यावर टीका होऊ शकते, मीही काही प्रमाणात करीन. सर्व दहा हजारांनी कशाला हलावे? मंत्री आणि सचिव हलावेत, टेबले जिथल्या तिथे राहावीत. तरी फायली पडद्यावर आल्या म्हणजे लोकांच्या लेखी सरकार आले असे होत नाही, एवढे त्या चार वर्षांत दिसून आले.

तेव्हा २०२० चा तो मसुदा पुन्हा काढायचा असेल, आणि काढावा असे मला वाटते, तर त्यात मी असे बदल करीन. वर्षाचे १५ दिवस काढून टाकावेत. त्याऐवजी प्रत्येक कार्यालयाने आपल्या पदांची छाननी करून ज्या टेबलाचे काम पडद्यावर होते, मोजता येते आणि नागरिकाशी थेट गाठ पडत नाही अशी टेबले ठरवावीत व तिथल्या अनुभवी कर्मचाऱ्याला, त्याने मागितल्यास, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस घरून काम द्यावे. यंत्र सरकारने द्यावे, उपसचिवाच्या आधी त्याला. खिडकीवरचे पद, सुनावणी घेणारे पद आणि कार्यालयप्रमुखाचे पद या सवलतीतून स्पष्ट शब्दांत वगळावे. २०२० नंतरच्या दोन वर्षांत "साहेब मीटिंगमध्ये आहेत" या जुन्या उत्तराची जागा "साहेब घरून काम करताहेत" या उत्तराने घेतली होती आणि काही ठिकाणी ती अजून पुरती सुटलेली नाही.

बंगल्यावरचे कॅम्प ऑफिस बंद करावे असे मी म्हणणार नाही. जिल्ह्यात पूर आला, दंगल झाली, तर रात्री दोन वाजता तिथूनच जिल्हा चालतो. पण त्याच्या फाटकावर शाखा डाकघराप्रमाणे भेटीच्या वेळेची पाटी असावी, त्या वेळेत आलेल्याचे नाव क्रमाने वहीत लिहावे, आणि तिथे घेतलेल्या प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक घालून पावती द्यावी, जी आज बहुधा फक्त मुख्य कचेरीच्या आवक शाखेत मिळते. यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही, नवे पद नको, निधीही नको. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने एका पानाचे परिपत्रक काढले तरी पुरेल.